पायातला ब्लॉक शोधताना कॅल्शियम सगळ्यांनाच गंडवतं

थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, परत चाललं की परत तेच. हा पायाच्या धमनीतला ब्लॉक असू शकतो, पण आपल्याकडे हे वर्षानुवर्षं 'मणक्याचं असेल' म्हणून खपवतात आणि अंगठा काळा पडला की मग धावपळ. बायपास, म्हणजे ब्लॉकला वळसा घालून रक्ताला नवी वाट, करायचा तर सर्जनला वरून रक्त नीट येतंय का, ब्लॉकच्या खाली मोकळी धमनी कुठे सापडते आणि जोडायला स्वतःची शीर आहे का, एवढं तरी कळायलाच हवं.

पहिली टेस्ट अगदी साधी, घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर. ०.९ किंवा कमी आलं तर ब्लॉकेज समजायचं. पण डायबेटिसवाल्यांच्या धमनीत कॅल्शियम साचून ती इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही, आकडा १.४ च्या वर जातो आणि पेशंट खूश! म्हणून मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घेतात.

त्यानंतर कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. गार जेल लावून जांघेपासून खाली प्रोब फिरवतात, ब्लॉकच्या पुढे आवाज मलूल होतो, आणि जिथे धमनी अरुंद तिथे रक्ताचा वेग वाढतो, पाइपच्या तोंडावर बोट दाबल्यासारखा. वेग दुप्पट झाला की निम्म्याहून जास्त जागा गेली असं साधारण धरतात. त्याच प्रोबने मांडीतली शीरही मोजून घेतात, ३ मिमीच्या आसपास असेल तर काम भागतं. मला तरी ही टेस्ट सगळ्यात कमी लेखलेली वाटते, फक्त करणाऱ्याचा हात बसलेला पाहिजे.

सीटी अँजिओत, म्हणजे धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, पोटापासून बोटांपर्यंतचा नकाशा झटपट मिळतो, पण कॅल्शियम तिथेही आडवं येतंच, पांढरा डाग असा फुलतो की गुडघ्याखालची बारीक धमनी उघडी की बंद हेच कळत नाही. एमआर अँजिओला (तेच एमआरआय मशीनवर) कॅल्शियमचा त्रास नाही, पण जुना स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, असेल तर तिथे नुसतं काळं दिसतं.

मग राहते डीएसए, म्हणजे धमनीत नळी घालून डाय (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) सोडायची आणि आधीच्या फोटोतली हाडं वजा करायची. पायाच्या धमन्यांचे असे फोटो लिस्बनमध्ये पोर्तुगीज सर्जन दोस सान्तोस यांनी १९२९ मध्येच काढले होते, वजाबाकी सोडून. पावलातल्या केसासारख्या धमन्या अजूनही इथेच सगळ्यात नीट दिसतात. किडनी कमजोर असेल तर डायऐवजी चक्क कार्बन डायऑक्साइड सोडतात, हो, सोड्यातलाच गॅस. तो रक्तात विरघळून फुप्फुसातून निघून जातो, फक्त मेंदूकडे जाऊ नये म्हणून छातीकडच्या धमन्यांत वापरत नाहीत.