मॅकेन्झी, व्हॅश्टी मर्फी
(२८ मे १९४७ – ). अमेरिकन पत्रकार, धर्मोपदेशक व आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल (ए. एम. ई.) चर्च या कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या पहिल्या स्त्री बिशप (धर्मप्रांताच्या प्रमुख). जन्म बॉल्टिमोर (मेरिलंड) येथे. त्यांना अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री बिशप म्हणणे सैलपणाचे ठरेल. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये लिओन्टाइन केली १९८४ मध्ये, तर एपिस्कोपल चर्चमध्ये बार्बरा हॅरिस १९८९ मध्ये बिशप झाल्या होत्या. मॅकेन्झींचा मान ए. एम. ई. पंथापुरता, पण तेथे तो मिळायला दीर्घ काळ लागला.

त्यांचे घराणे ‘ॲफ्रो-अमेरिकन’ या बॉल्टिमोरच्या वृत्तपत्राचे. या पत्राच्या स्थापनेचे श्रेय पुष्कळदा त्यांचे पणजोबा जॉन एच. मर्फी यांना दिले जाते. मर्फी जन्माने गुलाम. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते आणि पुढे रंगसफेदीचे काम करीत. शब्बाथशाळेसाठी ते ‘संडे स्कूल हेल्पर’ नावाचे लहानसे पत्रक छापत. ‘ॲफ्रो-अमेरिकन’ मात्र १८९२ मध्ये विल्यम अलेक्झांडर या बॅप्टिस्ट पाळकांनी सुरू केले असे दिसते. मर्फींनी ते १८९७ च्या सुमारास, पत्नी मार्था यांनी दिलेल्या २०० डॉलरांतून विकत घेतले. १९०० च्या आसपास जॉर्ज ब्रॅग या एपिस्कोपल धर्मगुरूंचे ‘लेजर’ त्यात विलीन झाले. म्हणून १८९२ हे पत्राचे जन्मवर्ष मानावे, मर्फी घराण्याच्या मालकीचे नव्हे. तीन वेगळ्या पंथांची (बॅप्टिस्ट, एपिस्कोपल व ए. एम. ई.) माणसे एका पत्रामागे होती, हे येथे अधिक लक्षणीय. मॅकेन्झींचे आजोबा कार्ल मर्फी यांनी १९२२ नंतर दीर्घकाळ हे पत्र चालविले. आजी व्हॅश्टी टर्ली मर्फी १९१३ मध्ये स्थापन झालेल्या डेल्टा सिग्मा थीटा या विद्यार्थिनी-संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होत.

बास्केटबॉलपटू स्टॅन मॅकेन्झी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या ॲरिझोनात गेल्या व ‘ॲरिझोना रिपब्लिक’मध्ये लिहू लागल्या. बॉल्टिमोरला परतल्यावर त्यांनी घरच्या पत्रात, नभोवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर काम केले.

ए. एम. ई. चर्चची पंथ म्हणून उभारणी १८१६ मध्ये रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली फिलाडेल्फियात झाली. जेरीना ली यांनी उपदेशाची परवानगी मागितली, तेव्हा (बहुधा १८०९ च्या सुमारास) ॲलन यांनी मेथडिस्ट नियमावलीत स्त्री-उपदेशकांची तरतूद नसल्याचे सांगून ती नाकारली. काही वर्षांनी, बिशप झाल्यावर, दिली. ही परवानगी म्हणजे दीक्षा (धर्मसेवकपदावरील विधिपूर्वक नियुक्ती) नव्हे. १८८५ मध्ये बिशप हेन्री टर्नर यांनी सेरा ॲन ह्यूज यांना डीकन (पहिल्या पायरीचे दीक्षित धर्मसेवक) केले, परंतु लवकरच ती दीक्षा रद्द झाली आणि १८८८ च्या महापरिषदेने असा प्रघातच बंद केला. स्थानिक पातळीवरील दीक्षा १९४८ मध्ये, तर पूर्ण दीक्षा १९६० मध्ये स्त्रियांना खुली झाली. या पंथात दीक्षा दोनच, डीकन व त्यावरची एल्डर. बिशपपद ही तिसरी दीक्षा नसून एल्डरांमधून निवडून द्यावयाचे पद आहे. निवड दर चार वर्षांनी भरणारी महापरिषद मतदानाने करते. त्यामुळे १९६० नंतर नियमाचा अडथळा नव्हता. मोठ्या मंडळ्या (एकेका चर्चचे सदस्यसमूह) स्त्रियांच्या हाती क्वचित सोपविल्या जात, आणि मते मिळविण्यास अशी मंडळी पाठीशी असणे उपयोगी पडे. विलंबाचे हे कारण अधिक पटणारे आहे.

हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मविद्या विभागात शिकून मॅकेन्झी १९८४ मध्ये डीकन झाल्या. १९९० मध्ये त्या बॉल्टिमोरच्या पेन मेमोरियल चर्चच्या पाळक झाल्या. त्या चर्चमध्ये हे पद मिळविणारी ही पहिलीच स्त्री. ते चर्च ज्यांच्या नावाचे, ते बिशप डॅनिएल पेन स्त्रियांना उपदेशाचा परवाना देण्याच्या विरोधात होते. मॅकेन्झींच्या काळात मंडळीची सदस्यसंख्या काही शेकड्यांवरून हजारावर गेली.

जुलै २००० मध्ये सिनसिनाटी येथील महापरिषदेत त्यांची बिशप म्हणून निवड झाली. प्रथम त्यांच्याकडे लेसोथो, स्वाझीलँड, बोट्स्वाना व मोझांबिक हा प्रांत आला. एड्समुळे पोरक्या झालेल्या मुलांसाठी घरे हे तेथील त्यांचे प्रमुख काम. २००४ मध्ये कॅरोलिन टायलर गिड्री व सेरा डेव्हिस या आणखी दोन स्त्रिया बिशप झाल्या. टेनेसी-केंटकी व टेक्सस येथील कार्यकाळानंतर मॅकेन्झी २०२१ मध्ये बिशपपदावरून निवृत्त झाल्या व नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त संघटनेचे नेतृत्व करू लागल्या.