शिकारी रायफलीचा बायपॉड

शिकारी रायफलीचा बायपॉड : रायफलीच्या दस्त्याच्या (नळी ज्यावर बसवलेली असते त्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या भागाच्या) पुढच्या टोकाला नळीखाली जोडला जाणारा, दोन पायांचा घडीचा टेकू. रायफलीचा पुढचा भार जमिनीवर गेल्याने शिकाऱ्याचा हात थकत नाही आणि श्वासाबरोबर होणारी नळीची हालचाल बरीच कमी होते. चांदमारीच्या मैदानावर बसण्याची जागा, अंतर आणि जमिनीची पातळी आधीच ठरलेली असते. शिकारीत यांतले काहीच ठरलेले नसते. त्यामुळे तेथे बायपॉड निवडण्याचे निकष वेगळे पडतात.

पूर्वपीठिका : टेकूवरून बंदूक चालवण्याची पद्धत जुनी आहे, पण आजच्या बायपॉडचा पूर्वज नेमका कोणता याविषयी एकवाक्यता नाही. सामान्यतः यूरोपीय मस्केटच्या (जुन्या लांब नळीच्या लष्करी बंदुकीच्या) टेकूकडे बोट दाखवले जाते. सोळाव्या शतकातील जड मस्केट हातावर पेलणे कठीण असल्याने सैनिक बरोबर दुबेळक्याची काठी बाळगत. डच चित्रकार याकोब द गेन याच्या 1607 मधील कवायतीच्या चित्रांत ही काठी धरण्याची आणि रोवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने दाखवलेली आहे. बंदुका हलक्या होत गेल्या तशी ती साधारणपणे सतराव्या शतकाच्या मध्यापासून मागे पडली. मात्र ही काठी एकच होती, बंदुकीपासून सुटी होती आणि मुख्यतः उभ्याने वापरली जाई. आजच्या बायपॉडशी तिचे साम्य उद्देशापुरतेच आहे.

रचनेच्या दृष्टीने तिबेट, मंगोलिया आणि सायबीरिया या भागांतील तोड्याच्या (जळत्या वातीने बार उडवण्याच्या) बंदुका अधिक जवळच्या वाटतात. तिबेटी बंदुकीच्या दस्त्याला पुढच्या बाजूस दोन लांब शिंगे बिजागरीसारखी बसवलेली असत. वाहून नेताना ती नळीच्या रेषेत दुमडली जात आणि नेम धरताना खाली उघडून जमिनीत रोवली जात. यासाठी चिरू या हरिणासारख्या प्राण्याची शिंगे वापरल्याची उदाहरणे आहेत. लाकडी पायही आढळतात. बंदुकीला कायम जोडलेले, दुमडणारे दोन पाय हे आजच्या बायपॉडचे तिन्ही गुण येथे एकत्र दिसतात. शिवाय ही बंदूक लढाईइतकीच शिकारीचीही होती. तोड्याच्या बंदुका या प्रदेशात बहुधा सोळाव्या शतकानंतर रुळल्या. उपलब्ध नमुने बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मानले जातात, त्यामुळे जोडशिंगांची प्रथा निश्चित केव्हा सुरू झाली हे त्यांवरून ठरवता येत नाही.

तिसरा धागा उत्तर अमेरिकेतील गवताळ मैदानांचा. 1870 च्या दशकात बायसनची व्यापारी शिकार करणारे लोक दोन काठ्या वरच्या टोकाजवळ बांधून त्यांची कैची करीत आणि बसून तीवर सु. 5 ते 7 किग्रॅ. वजनाच्या रायफली टेकवीत. एकाच जागेवरून अनेक बार काढायचे असल्याने ही सोय आवश्यकच होती. आजच्या सुट्या नेमकाठ्या (नेम धरताना रायफल टेकवायच्या काठ्या) या कैचीच्या थेट वारसदार आहेत. जोडलेल्या बायपॉडचा प्रत्यक्ष प्रसार मात्र हलक्या मशीनगनमुळे झाला. मॅडसन, पहिल्या महायुद्धातील लुइस आणि नंतरची ब्रेन या हलक्या मशीनगनांनी घडीच्या धातूच्या पायांची रचना पक्की केली. तेव्हा तिबेटी बंदूक ही कल्पनेने सर्वांत जवळची, पण आजच्या शिकारी बायपॉडची वंशरेषा मशीनगनकडून आलेली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नागरी वापरात अमेरिकेतील हॅरिस कंपनीचा स्प्रिंगचा बायपॉड साधारणपणे 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झाला आणि पुढील अनेक नमुन्यांनी त्याचेच अनुकरण केले.

उंची : निवडीत पहिला प्रश्न उंचीचा, वजन, घडण आणि किंमत त्यानंतर येतात. पालथे पडून नेम धरण्यासाठी सु. 15 ते 23 सेंमी., उतारावर किंवा थोड्या गवतात 23 ते 33 सेंमी. आणि बसून नेम धरण्यासाठी सु. 35 ते 70 सेंमी. उंचीचे पाय बनवले जातात. ज्या भूप्रदेशात कमरेइतके गवत आहे तेथे आखूड बायपॉड जवळजवळ निरुपयोगी ठरतो. उंच पाय बंद केल्यावरही लांब राहतात, झुडपांत अडकतात आणि पूर्ण उघडल्यावर थोडे लवचिक होतात.

अगदी आखूड पायांचा एक धोका नवख्याच्या लक्षात येत नाही. रायफलीवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीचा अक्ष नळीच्या अक्षापेक्षा सु. 4 ते 5 सेंमी. वर असतो. त्यामुळे दुर्बिणीतून सावज स्वच्छ दिसत असतानाही नळीसमोर हातभर अंतरावरचा मातीचा उंचवटा किंवा दगड गोळीच्या वाटेत असू शकतो. तसेच जमिनीलगत सुटलेली गोळी सपाट जाते. मचाणावरून मारलेली गोळी सावजामागे लगेच जमिनीत शिरते, तशी ती शिरत नाही. म्हणून सावजाच्या मागे टेकडी किंवा बांध असल्याची खात्री येथे अधिक महत्त्वाची.

कलणे : असमान जमिनीवर दोन्ही पाय सारखे उघडले तर रायफल एका बाजूला कलते. 300 मी. अंतरासाठी दुर्बीण जुळवली असेल आणि त्या अंतरापर्यंत गोळी नळीच्या रेषेपासून सु. 75 सेंमी. खाली येत असेल, तर रायफल 5 अंश कलल्यास गोळी सु. 6.5 सेंमी. कललेल्या बाजूला जाते. 100 मीटरवर हा फरक नगण्य असतो. पाय न हलवता रायफल सरळ करता येणारा, म्हणजे डोके कलणारा बायपॉड डोंगराळ भागात घ्यावा. त्याच्या कलणाऱ्या सांध्याचा स्क्रू पुरेसा घट्ट करता आला पाहिजे, नाहीतर तोच अस्थिरतेचे कारण होतो.

जोडणी : जुनी पद्धत पट्ट्याची कडी अडकवण्याच्या खुंटीवर बायपॉड आवळण्याची. ती साधी आहे, पण लाकडी किंवा लवचिक प्लास्टिकच्या दस्त्यात भार पडताच दस्ता वाकून नळीला टेकू शकतो आणि गोळी लागण्याची जागा सरकते. म्हणून बायपॉड लावूनच नेम जुळवावा आणि शिकारीतही तो तसाच वापरावा. 1995 मध्ये अमेरिकी सैन्याने प्रमाणित केलेली पिकॅटिनी पट्टी, छायाचित्रणाच्या तिपाईकडून आलेली आर्का पट्टी आणि 2014 मधील एम-लॉक खाच या रायफलीवर उपकरणे बसवण्याच्या सोयींमुळे बायपॉड झटकन काढता-घालता येतो. आर्का पट्टीवर तो पुढे-मागे सरकवताही येतो. पाय जितके पुढे, तितकी स्थिरता अधिक. मात्र हलणाऱ्या सावजामागे नळी फिरवणे तेवढे जड जाते.

पाय आणि वजन : खाचांचे पाय अंधारातही टिकटिक मोजून सारख्या उंचीवर लावता येतात. बिनखाचांच्या, पिळून घट्ट करायच्या पायांत उंची बारीक जुळते, पण वेळ लागतो. स्प्रिंगचे पाय हात सोडताच खाडकन उघडतात. शांत रानात तो आवाज सावजाला पुरेसा असतो. रबरी टोके सर्वत्र चालतात, तरी कठीण खडकावर रायफल उसळते. बर्फावर आणि ओल्या गवतावर टोकदार खिळे उपयोगी. धातूचे सामान्य बायपॉड सु. 300 ते 500 ग्रॅ. भरतात, कार्बन तंतूचे बरेच हलके असतात. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला हे वजन रायफलीच्या तोंडाशी असल्यामुळे अधिक जाणवते.

मागचा आधार : बायपॉड केवळ पुढचे टोक धरतो. खांद्यापासून बायपॉडच्या पायांपर्यंतचे अंतर 80 सेंमी. धरले, तर दस्त्याचे मागचे टोक केवळ 1 मिमी. हलल्याने 200 मीटरवर नेम सु. 25 सेंमी. सरकतो. म्हणून दस्त्याखाली वाळूची छोटी पिशवी, दुमडलेला हातमोजा किंवा मूठ ठेवतात. मूठ आवळली की दस्ता वर जातो आणि नेम खाली येतो, सैल सोडली की उलट. बायपॉडच्या पायांवर अंगाचा थोडा भार पुढे टाकावा असा संकेत आहे. तो प्रत्येक वेळी सारखा नसेल तर गोळ्या वर-खाली लागतात. दाट झाडीत, जेथे सावज क्षणभर आणि 50-60 मीटरच्या आत दिसते, तेथे पाय उघडण्यास अवधीच मिळत नाही आणि झाडाचे खोड किंवा सुटी नेमकाठी अधिक कामाची ठरते.