दोन आठ: पंचायतीचा ‘नमुना आठ’ आणि तलाठ्याचा ‘आठ अ’

चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस आमच्या ग्रामपंचायतीच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. मुंबई-ठाण्याहून आलेले चाकरमानी वर्षाची घरपट्टी भरून मोकळे होतात, पाणीपट्टीची बाकी विचारतात आणि निघता निघता कुणीतरी म्हणतंच, “एक आठचा उतारा पण द्या हो.” गेल्या वर्षी माझे एक चुलते असाच उतारा घेऊन विकास सोसायटीत गेले. आंब्याच्या कलमांवर पीककर्ज हवं होतं आणि सोसायटीने ‘आठ अ’ आणायला सांगितलं होतं. कागद परत आला. “आठाचो उतारो आसा मां माझ्याकडे, मगे आणि खयचो आठ व्हयो?” घरी येऊन काका मला विचारत होते, आणि त्यांचा वैताग अगदी रास्त होता. आकडा तोच, दोन्ही कचेऱ्या एका अंगणात, दोन्हीकडे पैसे भरून पावती मिळते. फरक आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

काकांच्या हातात होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवहीतला उतारा. आपल्याकडे त्याला घरपत्रक उतारा किंवा असेसमेंट उतारा म्हणतात. त्यात घर क्रमांक असतो, मालकाचं नाव असतं, भोगवटा करणाऱ्याचं नाव असतं, बांधकामाची लांबी-रुंदी असते आणि घर मातीचं, चिऱ्याचं की स्लॅबचं हेही असतं. त्यावरून घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर ठरतात. हा कागद इमारतीबद्दल बोलतो. घर कुठल्या जमिनीवर उभं आहे आणि ती जमीन कुणाची, हे सांगणं त्याचं काम नाही.

सोसायटीला हवा होता तो महसूल खात्याचा गाव नमुना ८ अ. हा जमिनीच्या खात्याचा कागद. सातबारा आणि आठ अ यांचं नातं मी असं समजावतो: सातबारा एका जमिनीचा असतो आणि तिच्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत ती सगळी त्यात येतात. आठ अ एका खातेदाराचा असतो आणि त्या गावात त्याच्या नावावर जितके तुकडे आहेत ते सगळे त्यात येतात. भाताचा कुणगा, वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, कलमांची बाग, सगळं एका पानावर, प्रत्येकाचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि प्रत्येकाचा आकार, म्हणजे जमिनीवरचा सरकारी सारा, रुपया-पैशांत. शेजारच्या गावात जमीन असेल तर तिथला आठ अ वेगळा. पीककर्ज देणाऱ्याला जमीन किती हे एका नजरेत कळावं लागतं, म्हणून तो आठ अ मागतो. घराचा उतारा त्याच्या उपयोगाचा नाही.

गोंधळ आठच्या आकड्यापुरता असता तरी चाललं असतं. पंचायतीचा नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही, आणि तलाठ्याचा गाव नमुना ९ म्हणजे दैनिक पावती पुस्तक. पंचायतीची पावती मात्र नमुना १० वर मिळते. दोन खात्यांनी आपापले नमुने आपापल्या क्रमाने लावले आणि आकडे एकमेकांवर चढले. त्यात २०२४ पासून पदांची नावंही बदलली. तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक झाले ग्रामपंचायत अधिकारी. दोन्ही नावांत ‘ग्राम’ आणि ‘अधिकारी’. गावात अजून कुणी ती वापरत नाही, पण अर्जावर लिहावी लागतात, तेव्हा पाटी नीट वाचून खिडकी गाठा.

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा घोटाळा एका शब्दाचा आहे: भोगवटादार. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ लिहिलेलं असतं, त्याचा व्यवहारातला अर्थ, जमीन त्याच्या नावावर आहे आणि विकायला त्याला सहसा सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर हस्तांतरणावर निर्बंध असतात. पंचायतीच्या नमुना ८ मध्ये मात्र मालक एका रकान्यात आणि भोगवटा करणारा दुसऱ्या रकान्यात असतो. तिथे भोगवटा करणारा म्हणजे आज त्या घरात राहणारा माणूस. तो मालकाचा भाऊ असेल, भाडेकरू असेल, घर राखायला ठेवलेला कुणी असेल. एकच शब्द, एका कागदावर धन्याच्या जवळ जाणारा, दुसऱ्यावर नुसता राहणारा. ‘भोगवट्यात माझं नाव आहे’ या एका वाक्यावर भावाभावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. दोघांच्या हातात खरे कागद होते आणि दोघांनीही ते चुकीचे वाचले होते.

घाटावरच्या गावात हा प्रश्न इतका टोकाला जात नाही. तिथे वस्ती गावठाणात एकवटलेली असते आणि गावठाणातल्या घराखालच्या जागेला सहसा सातबारा नसतो. आपल्याकडे गाव म्हणजे वाड्या. प्रत्येक घर आपापल्या परसवात, माडांच्या आणि फणसांच्या मध्ये, गडग्याच्या आत. त्या जागेला सर्वे नंबर असतो, हिस्सा नंबर असतो, म्हणजे सातबाराही असतो. घर पंचायतीच्या वहीत, घराखालची जमीन तलाठ्याच्या दप्तरात. आणि दोन्हीकडची नावं जुळतातच असं नाही. सातबारा पणजोबांच्या वेळेपासून सामाईक, त्यावर वारसांची पन्नासेक नावं, त्यातली अर्धी मुंबईत, काही हयात नसलेली. घरपत्रकावर मात्र एकच नाव, गावात राहिलेल्या धाकट्या भावाचं, कारण घरपट्टी तोच भरत आला. कुठे ह्याच्या उलट: कुळाचं घर तीन पिढ्या उभं, घरपट्टी त्यांची, जमीन मूळ मालकाच्या नावावर. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळाली, पण प्रत्येक घराखालची जागा त्यात नीट नोंदली गेलीच असं झालं नाही.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक देतात. तिचं स्वागतच आहे. पण ती गावठाणाच्या हद्दीतली गोष्ट, आणि आमच्या वाड्या बहुतेक त्या हद्दीबाहेर.

म्हणून चाकरमान्यांना मी कळकळीने सांगतो: दर वर्षी घरपट्टीची पावती जपून ठेवलीत म्हणजे घर तुमचं झालं असं धरून चालू नका. पंचायतीच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, ती कर कुणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी असते. बांधकामावर कर आकारला म्हणून ते अधिकृतही ठरत नाही. सातबाऱ्याची आणि आठ अ ची बाजू अधिक भक्कम, कारण अधिकार अभिलेखातली, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या सरकारी दप्तरातली, नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तरी तीही मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. वाद कोर्टात गेला तर खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र हेच पुढे येतं.

पैशांचा हिशोबही वेगळा. घरपट्टीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. मार्चमध्ये तलाठी आणि ग्रामसेवक दोघेही वसुलीला बाहेर पडतात, त्यामुळे लोकांना दोन्ही एकच वाटतं. जमिनीचा सारा बहुतेक कोकणी खातेदारांचा किरकोळ असतो, वरकस जमिनीचा आकार तर पैशांत. तो राज्य सरकारचा. आठ अ च्या उजवीकडच्या रकान्यांत जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचा स्थानिक उपकर दिसतो, तो साऱ्यावर बेतलेला असतो आणि तलाठीच गोळा करतो. कुणी म्हणतं, पंचायतीचा कर मी तलाठ्याकडे भरलाय. ते अर्धं खरं असतं. उपकर भरलेला असतो, घरपट्टी राहिलेली असते.

घरपट्टीचा पैसा राहतो गावातच. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आणि कर व फी नियम १९६० चे. २०१५ च्या डिसेंबरअखेर ते नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली: जागेचा सरकारी मूल्यदर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा, आणि वापर कशासाठी त्याचा भारांक. कौलारू चिऱ्याच्या घराच्या जागी स्लॅब आला की पट्टी का चढते, ओसरीच्या बाजूच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या की का चढते, ते यात आहे. आकारणी चार वर्षांनी नव्याने होते. यादी लागते, हरकती मागवतात, आणि नेमकं तेव्हाच कुणी बघायला जात नाही. हरकतीनंतरही आकारणी पटली नाही तर अपील पंचायत समितीकडे. सातबाऱ्याच्या नोंदीविरुद्ध अपील प्रांताधिकाऱ्यांकडे, साठ दिवसांत. घरपट्टीची तक्रार घेऊन तहसीलदारांकडे हेलपाटे घालणारी माणसं मला दर वर्षी भेटतात.

या पैशातून वाडीतले दिवे लागतात, नळयोजनेचा पंप चालतो, पंपाचं वीजबिल भरलं जातं, शिपायाचा पगार होतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. ग्रामसभेत हा हिशोब विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. पंचायतीच्या सदस्याने मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर तो सदस्यत्वाला अपात्र ठरू शकतो. निवडणुकीच्या तोंडावर वसुली कशी फुगते, हे त्यातून समजेल.

गणपतीत आमदारांच्या कार्यअहवालाचं पत्रकही घरोघर येतं. साकव, सभामंडप, रस्त्याचं डांबरीकरण, सगळं फोटोसकट. ते वाचून वाडीतला एक जण म्हणाला, “आमची घरपट्टी शेवटी कामाला आली.” तर ती कामं तिच्यातून झालेली नाहीत. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा, तो राज्याच्या तिजोरीतून येतो आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. आमदार कामं सुचवतात, पैसा त्यांच्या हातात येत नाही. मात्र करांच्या बाबतीत त्यांच्याकडे मागण्यासारखं खूप आहे. घरपट्टीच्या दरांची कमाल-किमान मर्यादा राज्याच्या नियमांत असते, तिच्या आत दर पंचायत ठरवते. मर्यादेबद्दल, साऱ्याबद्दल, वाडीतल्या घरांच्या मोजणीबद्दल बोलायचं असेल तर आमदार योग्य माणूस. तुमच्या घराची लांबी दोन फूट जास्त लागली असेल तर नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा हा फरक रायगडात आणि दापोली-मंडणगडात अनेकांना एका आठवड्यात शिकावा लागला. कौलं उडाली त्याचा पंचनामा घराच्या नोंदीवरून. माड-पोफळी आणि कलमं पडली त्यांची मदत बागेच्या जमिनीच्या नोंदीवरून, म्हणजे सातबारा आणि आठ अ वरून. बाग सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमतीपत्रं लागली, टाळेबंदीच्या दिवसांत, मुंबईतून. ज्यांच्याकडे एकच कागद होता त्यांना निम्मं दार बंद होतं.

नावं बदलण्याची वाटही दोन्हीकडे वेगळी. पंचायतीत अर्ज, मग मासिक सभेत ठराव. तलाठ्याकडे वारसाची खबर मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायची, मग फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद, नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. एकीकडे नाव लागलं म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही. लोक एवढंच विसरतात, आणि दहा वर्षांनी आठवतं.

काकांचा आठ अ मी मोबाइलवर काढून दिला. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, तो चालतो. कागद उघडला तर खातेदार म्हणून आजोबांचंच नाव. घरपत्रकावर काकांचं नाव वीस वर्षांपूर्वीच लागलेलं, म्हणून जमिनीचंही झालंय असं ते धरून होते. कर्ज त्या हंगामाला राहिलं. डोंबिवलीच्या मोठ्या काकांना फोन करून पाचही भावंडांची नावं घातली आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वारस नोंदीचा अर्ज दिला. मोठ्या आत्येचं नाव घालायला काका आधी का-कू करत होते. मग त्यांनी स्वतःच ते अर्जावर सगळ्यात वर लिहिलं.