एआयची मोजपट्टी कोण आखणार?

फेब्रुवारी २०२५मध्ये पॅरिसच्या एआय शिखर परिषदेत जाहीरनामा निघाला, तेव्हा बातम्या गाजल्या त्या अमेरिका आणि ब्रिटनने सही न केल्याच्या. परिषदेचं सहअध्यक्षपद भारताकडे होतं, चीनची सही होती, आणि या क्षेत्रातला सर्वांत बलाढ्य देशच बाहेर राहिला. त्याआधी नोव्हेंबर २०२३मध्ये, ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्क इथे अमेरिका, चीन आणि भारतासह २८ देशांनी व युरोपीय संघाने एकाच कागदावर सह्या केल्या होत्या. म्हणून पॅरिसनंतर ‘एआयवरचं जागतिक सहकार्य संपलं’ असा सूर निघाला. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. सह्या डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचीच चर्चा होते. काम अडलंय ते दुसरीकडेच. एखादं एआय मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या सेवेमागची प्रणाली, किती धोकादायक आहे हे मोजायचं कसं, यावरच अजून देशांचं एकमत नाही.

मोजण्यावर एकमत होणं ही लहान गोष्ट नव्हे. १८७५मध्ये याच पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटर करार केला. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातलं युद्ध संपून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, तरी दोघांनीही सही केली. एकमेकांवर विश्वास नसला तरी लांबी आणि वजन दोघांना सारखंच मोजता यायला हवं, एवढं त्यांना पटलं होतं. भारत या करारात आला १९५७मध्ये. तोवर आपल्याकडे शेर आणि मण मुलखागणिक बदलत होते, आणि एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजारात पुरा भरेलच याची खात्री नसे.

एआयचे नियम आज साधारण त्या शेराच्या अवस्थेत आहेत. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. त्यात एक उंबरठा आहे. मॉडेलच्या प्रशिक्षणात झालेल्या एकूण गणिती क्रिया १०च्या २५व्या घातापेक्षा, म्हणजे एकावर पंचवीस शून्यांपेक्षा, जास्त असतील तर ते मॉडेल व्यापक धोक्याचं आहे असं गृहीत धरायचं. मग कंपनीला त्याच्या कसून चाचण्या घ्याव्या लागतात, गंभीर घटना कळवाव्या लागतात. अमेरिकेत बायडेन यांच्या ऑक्टोबर २०२३च्या आदेशात हाच उंबरठा दहापट वर, २६व्या घातावर होता. तो आदेश २० जानेवारी २०२५ रोजी रद्द झाला.

हा आकडा काढायचा कसा, हे पाहण्यासारखं आहे. मॉडेल म्हणजे अब्जावधी आकड्यांचं जाळं. या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. प्रशिक्षणात मजकुराचा एकेक तुकडा, म्हणजे टोकन, या जाळ्यातून जातो, आणि दर टोकनमागे दर पॅरामीटरसाठी साधारण सहा गणिती क्रिया होतात. दोन अंदाज बांधताना, चार चूक मागे नेऊन आकडे सुधारताना. म्हणून सहा गुणिले पॅरामीटर गुणिले टोकन, इतकं सोपं गणित. मेटा कंपनीच्या ‘लामा ३.१’ या मोठ्या मॉडेलमध्ये ४०५ अब्ज पॅरामीटर आहेत आणि प्रशिक्षणाला सुमारे १५.६ लाख कोटी टोकन लागले. गुणाकार येतो ३.८ गुणिले १०चा २५वा घात. उंबरठा ओलांडला.

आता चीनचं ‘डीपसीक व्ही३’ घ्या. त्यात पॅरामीटर ६७१ अब्ज, म्हणजे लामाहून अधिक. पण एका टोकनसाठी त्यातले फक्त ३७ अब्जच कामाला लागतात. टोकन १४.८ लाख कोटी. गुणाकार येतो ३.३ गुणिले १०चा २४वा घात, म्हणजे उंबरठ्याच्या एक तृतीयांश. आणि तरी अनेक प्रचलित चाचण्यांमध्ये हे मॉडेल लामाच्या बरोबरीचं किंवा सरस ठरलं. प्रशिक्षणात किती आकडेमोड झाली एवढंच ही मोजपट्टी सांगते. त्यातून निघालेलं मॉडेल काय करू शकतं, हे तिला कळत नाही. कायदा करणाऱ्यांनाही याची जाणीव होती, म्हणूनच उंबरठा बदलण्याची आणि त्याखालच्या मॉडेललाही धोक्याचं ठरवण्याची मुभा त्यांनी ठेवली आहे.

अणुऊर्जेसाठी १९५७पासून आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तशीच एआयसाठीही काढा, असं वारंवार सुचवलं जातं. पण युरेनियम जड असतं, किरणोत्सर्ग करतं, तपासनीस त्याचा हिशेब मागू शकतो. तयार मॉडेल ही एक फाइल असते. लामा आणि डीपसीक तर कुणालाही डाउनलोड करता येतात. तेव्हा प्रत्यक्ष मॉडेललाच प्रश्न विचारून त्याची पारख करण्याला पर्याय नाही.

हे काम करायला ब्लेचलीनंतर ब्रिटन, अमेरिका, जपान, सिंगापूर अशा देशांनी एआय सुरक्षा संस्था काढल्या. नोव्हेंबर २०२४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं जाळं उभं राहिलं: केनियासह नऊ देश आणि युरोपीय संघ. अनुभव नसलेल्या माणसाला हे मॉडेल जैविक अस्त्राकडे किंवा सायबर हल्ल्याकडे किती पुढे नेऊ शकतं, असल्या गोष्टी या संस्था तपासतात. अडचण अशी की प्रश्नाची शब्दरचना थोडी बदलली, किंवा एकाऐवजी दहा वेळा उत्तर मागितलं, तरी निकाल बदलतो. त्यातच, आपली परीक्षा चालू आहे हे काही मॉडेल ओळखू लागली आहेत. म्हणून दोन देशांचे निकाल ताडून पाहायचे तर कृतीच्या बारीकसारीक पायऱ्याही आधी एकत्र ठरवाव्या लागतात.

आणि मग येते भाषा. माझ्या मते इथेच सर्वांत जास्त काम बाकी आहे. २०२३मध्ये अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी घातक विनंत्या यंत्रानेच भाषांतरित करून ‘जीपीटी-४’ या मॉडेलला दिल्या. इंग्रजीत त्याच्याकडून घातक उत्तर काढून घेण्यात त्यांना एक टक्क्याहूनही कमी वेळा यश आलं. झुलू, स्कॉट्स गेलिक यांसारख्या, इंटरनेटवर मजकूर कमी असलेल्या भाषा आलटून पालटून वापरल्या तेव्हा यश ७९ टक्क्यांवर गेलं. कुंपण घातलं होतं ते इंग्रजीच्या बाजूने.

सुरक्षा संस्थांनी याची दखल घेतली, हे मोलाचं आहे. सिंगापूरच्या पुढाकाराने झालेल्या एका संयुक्त चाचणीत दहा भाषा होत्या. त्यांत स्वाहिली, फारसी, मलय आणि आपल्याकडची तेलुगू होती. खासगी माहिती फोडणं, गुन्ह्याला मदत करणं, बंधनं चुकवणं अशा गोष्टी तपासल्या गेल्या. भाषेगणिक मॉडेलचं वागणं बदलत होतं. उत्तरांची तपासणी दुसऱ्या एआयवर सोपवली की तिच्यावरही विसंबता येत नव्हतं. ती भाषा जाणणारी माणसं बसवावीच लागली.

त्या यादीत मराठी नव्हती. २०११च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची ही मातृभाषा. परदेशात लिहिलेले प्रश्न मराठीत उतरवून हे काम भागणार नाही. आपल्याकडची फसवणूक सातबारा, पीकविमा आणि आधारच्या भोवती फिरते. कीटकनाशक घराघरांत असतं आणि त्याबद्दलचा प्रश्न फवारणीचा आहे की जिवाचा, हे मॉडेलला ओळखता आलं पाहिजे. शिवाय लोक मोबाइलवर मराठी लिहितात ती अनेकदा रोमन लिपीत, हिंदी-इंग्रजी मिसळून, वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाने.

भारत सुरक्षा संस्थांच्या जाळ्याच्या संस्थापकांत नव्हता, पण जानेवारी २०२५मध्ये त्यानेही स्वतःची एआय सुरक्षा संस्था जाहीर केली. ऑगस्ट २०२५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ४० तज्ज्ञांचं स्वतंत्र शास्त्रीय मंडळ नेमायचं आणि सर्व देशांचा एआयवर संवाद भरवायचा ठराव केला. अशी मंडळं स्वतः प्रयोग करत बसत नाहीत. उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतात. ज्या भाषेत पुरावा नाही ती भाषा आढाव्यात येणार कशी?

हा पुरावा गोळा करायला दिल्लीच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. मॉडेल डाउनलोड करता येतात. आपल्या विद्यापीठांतले संगणकशास्त्राचे आणि मराठीचे विभाग, मानसोपचारतज्ज्ञ, कृषी सहायक आणि सायबर पोलीस एकत्र बसले तर हजारभर प्रश्नांचा चांगला संच एका वर्षात उभा राहू शकतो. प्रश्न कसे विचारले, किती वेळा विचारले, उत्तरं कुणी तपासली, हे सगळं निकालासोबत खुलं ठेवावं, म्हणजे सिंगापूरच्या किंवा नैरोबीच्या चाचणीकर्त्याला ते आपल्या निकालांशेजारी ठेवून पाहता येईल.