बॉल कुठे वळणार, हे तेल ठरवतं

लोअर परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका मॉलमध्ये परवा बोलिंग खेळताना भाच्याने सलग तीन बॉल लेनच्या (बॉल सोडायच्या लांबट पट्टीच्या) कडेच्या गटरात घातले, टोकाच्या पिनांपर्यंत एकही पोचला नाही, आणि निकाल दिला, "मामा, ही लेन तिरकी आहे. मागच्या वेळची लेन लकी होती." स्पर्धेच्या नियमांत लेनच्या रुंदीभर जेमतेम 1 मिलिमीटर उंचसखलपणा चालतो, पण ते त्याला कोण सांगणार! लेन-लेनमध्ये फरक असतो हे मात्र खरं. तो असतो तेलात.

कॅरमवर आपण पावडर टाकतो, तसं लेनवर यंत्राने तेल पसरतात. सगळं मिळून 20-30 मिलिलिटर, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. लेन 60 फुटांची. तेल साधारण पहिल्या 40 फुटांत, शेवटचे 20 फूट कोरडे. त्यातही बहुतेक ठिकाणी मध्यभागी तेल जाड, कडांना पातळ. तेलावर घर्षणांक (पृष्ठभाग बॉलला किती धरून ठेवतो, याचं माप) 0.04च्या आसपास, कोरड्या भागात 0.2पर्यंत, म्हणजे पाचपट.

आता माझा आवडता भाग. फिरकी देऊन सोडलेला बॉल आधी घसरतो. तो पुढे जात असतो एका दिशेला आणि स्वतःभोवती फिरत असतो तिरका. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत घर्षण त्याला ओढत राहतं. मेळ बसला की बॉल निव्वळ गडगडतो आणि सरळ जातो. घर्षण लागतं ते लेनला टेकलेल्या बिंदूपाशी, म्हणून लेनच्या पातळीवरच्या बिंदूभोवती मोजलेला बॉलचा कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचं माप) ते बदलू शकत नाही. भरीव गोलासाठी हे गणित मांडलं की शेवटचा वेग मिळतो: सुरुवातीच्या वेगाचे 5 भाग, फिरकीमुळे पृष्ठभागाला असलेल्या वेगाचे 2 भाग, भागिले 7. दिशांसकट. यात घर्षणांक कुठेच नाही! पहिल्यांदा हे सोडवलं तेव्हा मी उत्तर तीनदा तपासलं होतं.

आकडे घालून बघा. बॉल सेकंदाला 8 मीटर वेगाने सोडला, मिनिटाला 300 फेऱ्या, फिरकी 45 अंश तिरकी. पृष्ठभागाचा वेग 3.4 मीटर, त्यातला 2.4 पुढे, 2.4 आडवा. शेवटी पुढचा वेग 6.4, आडवा 0.69. वळण झालं सुमारे 6 अंशांचं, आणि पिनांच्या खाचेत, म्हणजे सगळ्यात पुढची पिन आणि तिच्या शेजारची यांच्या मधल्या फटीत, शिरायला जाणकारांना साधारण एवढाच कोन हवा असतो.

मग तेलाचं काम काय? पूर्ण कोरड्या लेनवर हा बॉल 20-22 फुटांतच सगळं वळण उरकेल आणि पिनांपर्यंत पोचेस्तोवर पार पलीकडे जाईल. लेनभर तेल असेल तर घसरणं संपायला 4 सेकंदांहून जास्त लागतील. बॉल अडीच सेकंदांच्या आत पिनांवर पोचलेला असतो. 40 फूट तेल आणि 20 फूट कोरडं असेल, तर घसरण्याचा एक-तृतीयांश हिशेब तेलावर चुकता होतो, उरलेला कोरड्यावर, आणि वळण पिनांच्या जरा अलीकडे पुरं होतं.

खऱ्या बॉलच्या पोटात वेडावाकडा गाभा असतो. त्यामुळे 5 आणि 2 हे आकडे थोडे सरकतात आणि फिरण्याचा अक्षही डुलतो. रिअॅक्टिव्ह रेझिनच्या बॉलची सच्छिद्र कातडी तेल शोषते, म्हणून तो कोरडा भाग लवकर पकडतो. "राक्षसी हूक"च्या (म्हणजे जबरदस्त वळणाच्या) जाहिराती याच जोरावर चालतात. मनगटात फिरकीच नसेल तर महागडा बॉलही मुकाट सरळ जातो.

मॉलमधले बॉल साध्या गुळगुळीत प्लास्टिकचे, ते फारसे वळतच नाहीत. त्यामुळे भाच्याच्या गटरांचं खापर तेलावरही फोडता येत नाही. पण स्वतःचा बॉल घेऊन जाणाऱ्यांनी एक करावं: लकी लेन मागण्यापेक्षा काउंटरवर विचारावं, तेलाचं यंत्र शेवटचं कधी फिरवलं. सकाळपासून शेकडो बॉल गेलेल्या लेनवर मधलं तेल झिजलेलं असतं, आणि सकाळी बरोब्बर खाचेत बसलेली तीच फेक संध्याकाळी आधीच वळते.