बढतीचं गणित आणि साडेचारचे पोहे

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो वर्गणीची वही घेऊनच. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या पोरांचा त्यांचा संघ एका स्थानिक लीगच्या खालच्या गटात फुटबॉल खेळतो. दहा संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे १८ सामने. पहिले दोन संघ वरच्या गटात जातात. यांचा नंबर दोन वर्षं पाचवा-सहावा. "मामा, महूचा एक स्ट्रायकर मिळतोय. तो आला की यंदा वर गेलोच. तू किती देतोस?"

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. पैसे दिले, पण सोबत एक कागदही दिला. हा लेख म्हणजे तोच कागद, जरा ऐसपैस.

फुटबॉल हा गोलांच्या बाबतीत कंजूष खेळ आहे. क्रिकेटच्या एका डावात तीनशे धावा होतात, त्यामुळे एखादी धाव इकडेतिकडे झाली तरी चांगला संघ सहसा जिंकतो. फुटबॉलमध्ये जगातल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी अडीच ते तीन गोल. इतक्या थोड्या घटना असल्या की नशिबाला फार जागा मिळते. अशा क्वचित घडणाऱ्या गोष्टींचं गणित प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली मांडलं. बोर्टकेविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये तेच सूत्र प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांना लावलं आणि ते चपखल बसलं. लाथेचं गणित अखेर फुटबॉललाही बरंच लागू पडतं, हा योगायोग मला वर्गात सांगायला नेहमी आवडायचा.

आता समजा, आपला संघ सामन्याला सरासरी १.३ गोल करतो आणि १.३ खातो. अगदी मधला संघ. सूत्रात आकडे घातले तर तो शंभरातले ३७ सामने जिंकतो, ३७ हरतो, २६ बरोबरीत सोडवतो. विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १ धरला, तर १८ सामन्यांत साधारण २५ गुण होतात. खऱ्या लीगमध्ये बरोबऱ्या किंचित जास्त निघतात, पण आपल्या कामापुरतं हे पुरे.

महूचा स्ट्रायकर आला आणि सरासरी १.३ वरून १.६ झाली, तर गुण होतात साडेअठ्ठावीस. आता स्ट्रायकर नाहीच आला, पण खाल्लेले गोल १.३ वरून १.० वर आणले, तर? साडेअठ्ठावीसच. दोन्ही बाजूंनी फरक जवळजवळ तेवढाच पडतो. संपूर्ण हंगामात पाच-साडेपाच गोलांचा हा मामला आहे. तरी वर्गणी फक्त एकाच बाजूसाठी निघते, कारण गोल मारणारा दिसतो आणि न झालेला गोल कुणाला दिसत नाही.

दोन्ही गोष्टी जमल्या तर ३२ गुण. इथे बढतीचा वास यायला लागतो. पण असा संघसुद्धा जवळपास दर चार सामन्यांत एक हरणारच.

याच कागदावरचा पुढचा आकडा भाच्याला सगळ्यात कमी आवडला. मधल्या संघाचे २५ गुण ही झाली सरासरी. निव्वळ नशिबाने त्यात साडेपाच गुणांची वरखाली होते. म्हणजे काहीही न बदलता एका वर्षी १९ आणि दुसऱ्या वर्षी ३० गुण पडू शकतात. लीगमधले दहाच्या दहा संघ अगदी सारख्या ताकदीचे असते, तरी तक्त्यात पहिला तेहेतिसाच्या आसपास आणि शेवटचा सोळा-सतरावर दिसला असता. मग पहिल्याने सत्कार घेतला असता आणि शेवटच्याने प्रशिक्षक बदलला असता.

प्रशिक्षक बदलायची खोड जगभर आहे. चार सामने ओळीने गेले की माणूस हटवायचा, नवा आला की दोन सामने जिंकायचे, आणि 'बघा, फरक पडला' म्हणायचं. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात हे दाखवलं होतं. वाईट काळही तसाच सरासरीकडे परततो. नव्या माणसाने फक्त शिट्टी वाजवली तरी तो परतला असता.

इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबने ही गोष्ट सोसून दाखवली. त्यांचा मालक मॅथ्यू बेनहॅम सट्ट्याच्या आकडेमोडीतून आलेला माणूस. २०१९-२० मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत तिसरा आला आणि बढतीच्या अंतिम सामन्यात फुलहॅमकडून २-१ हरला. प्रशिक्षक थॉमस फ्रँक जागेवरच राहिले. पुढच्या वर्षी संघ पुन्हा तिसराच आला आणि २९ मे २०२१ रोजी स्वान्सीला २-० हरवून ७४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत पोचला. नंबर दोन्ही वर्षी तोच होता. आपल्याकडे ही शिडी नुकतीच लागली आहे. दुसऱ्या श्रेणीतल्या आय-लीगचं २०२२-२३ चं विजेतेपद मिळवून पंजाबचा संघ आयएसएलमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत चढला, तो खेळून बढती मिळवणारा पहिला क्लब. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग.

आता खाल्लेले गोल कमी करायचे कसे? इथे आकडेवारीने एकदा फार मोठी फसगत केली आहे. १९५० मध्ये चार्ल्स रीप नावाचा इंग्लिश हवाईदलातला हिशेबनीस सामना बघताना कागदावर प्रत्येक हालचाल टिपायला लागला. पुढे अनेक वर्षांच्या नोंदींतून त्याला दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चढाईतून होतात. त्यावरून निष्कर्ष निघाला: पास कमी, लांब फटके जास्त. पण खेळात बहुतेक चढाया तशा छोट्याच असतात. राजवाड्यावर सकाळी भेटणाऱ्या बहुतेकांनी पोहे खाल्लेले असतात, म्हणून पोहे खाल्ले की माणूस राजवाड्यावर पोचतो, असं म्हणण्यासारखं झालं हे. तरी या तर्काने इंग्लंडातल्या कितीतरी संघांना पुढची कित्येक वर्षं आभाळात चेंडू मारायला लावलं.

आता मोजतात ते फटक्याची जागा. सरसकट पाहिलं तर दहा फटक्यांत साधारण एक गोल. पेनल्टी चारात तीनदा जाते. मोठ्या चौकटीबाहेरून मारलेले फटके शंभरात तीन-चारच जातात, आणि आमची पोरं नेमके तेच मारतात, कारण गेला तर व्हिडिओ छान येतो. बचावासाठी हेच उलटं वाचायचं: समोरच्याला लांबून खुशाल मारू द्या, गोलसमोरची जागा सोडू नका.

आणि थांबलेला चेंडू. कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी आणि लांब थ्रो-इन मिळून एकूण गोलांचा चौथा ते तिसरा हिस्सा यांतून येतो. एकेकटा कॉर्नर तसा भिकारच असतो, शंभरामागे गोल तीनच्या आसपास. पण तो तालमीत हुबेहूब करून बघता येतो, चालत्या खेळातलं दुसरं काहीच तसं करता येत नाही. तेव्हा बेनहॅमच्याच हातात असलेल्या डेन्मार्कमधल्या मितयुलँड संघाने २०१५ मध्ये देशाची लीग जिंकली, त्यात या थांबलेल्या चेंडूंचा वाटा मोठा होता. भाच्याच्या संघाला विचारलं, "कॉर्नरला कोणी कुठे उभं राहायचं?" उत्तर आलं, "भिया, जिसको जिधर जगह मिले."

शेवटच्या पंधरा मिनिटांबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. सामन्यातल्या कुठल्याही इतर पाव तासापेक्षा यात जास्त गोल होतात. त्यातच ३ गुणांचा नियम. इंग्लंडने तो १९८१ मध्ये आणला, विश्वचषकात १९९४ पासून आहे. दोन बरोबऱ्यांपेक्षा एक विजय आणि एक पराभव आता फायद्याचा पडतो, त्यामुळे १-१ असताना शेवटी जो धावू शकतो त्याची चांदी होते.

धावणं म्हणजे सामन्याला दहा ते बारा किलोमीटर, पण कळीच्या धावा दोन-चार सेकंदांच्या असतात आणि पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. म्हणून रोज सकाळी मैदानाला एकाच वेगाने दहा चकरा मारणं फारसं कामाचं नाही. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबोंनी यासाठी यो-यो चाचणी काढली: २० मीटर जा, २० मीटर परत या, १० सेकंद सावकाश चालत दम घ्या, आणि टप्प्याटप्प्याने वेग वाढवा. चार शंकू आणि मोबाइल एवढ्यावर ती होते.

या छोट्या धावांना लागणारं इंधन म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत साठवलेली साखर. स्वीडनच्या बेंग्ट साल्टिनांनी १९७३ मध्येच दाखवलं की साठा कमी असताना उतरलेले खेळाडू खूप कमी धावतात आणि त्यातलाही मोठा भाग नुसते चालतात. नंतर डॅनिश संशोधकांनी सामना संपल्यावर खेळाडूंच्या मांडीचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा जवळपास निम्मे स्नायूतंतू रिकामे किंवा रिकामे होत आलेले सापडले.

आता इंदूरची रविवार सकाळ पाहा. सामना सातला, पोरं रात्री सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून उशिरा परतलेली, सकाळी रिकाम्या पोटी मैदानात, आणि हरल्यावर पोहे-जिलेबी. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा बराच उतरलेला असतो. सामन्याच्या एक ते चार तास आधी किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं खावीत असं क्रीडापोषणाचं साधारण सूत्र आहे. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे ६० किलोच्या पोराला एक भरगच्च बशी आणि दोन केळी. शेव नाही, तेलही बेताचं, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, म्हणजे जिरावण चालेल, ते बंद केलं तर संघच फुटेल. जिलेबी मात्र सामन्यानंतर तिच्या योग्य जागी आहे. रिकामे स्नायू त्या वेळी साखर भराभर ओढून घेतात.

उरली दुखापत. युरोपातल्या मोठ्या क्लबांचा अकरा वर्षं अभ्यास करणाऱ्या संशोधकांना आढळलं की ज्या हंगामात दुखापती कमी, त्या हंगामात लीगमधलं स्थान वर. यात नवल नाही. तेरा-चौदा पोरांच्या संघात दोघांच्या मांडीचा मागचा स्नायू धरला की गोलकीपरला पुढे खेळवायची वेळ येते. त्यावर बिनखर्चाचा उपाय आहे: गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे आणि कंबर न वाकवता अगदी सावकाश पुढे झुकत जायचं. याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात, आणि तो नेमाने केला तर या स्नायूच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात. पहिले काही दिवस मांड्या अशा भरतात की जिना उतरताना देव आठवतो, म्हणून सुरुवात थोडक्यात करावी.

कागद वाचून भाचा म्हणाला, "मग महूवाला नको?" मी म्हटलं, घ्या की, पण समोरच्यांच्या कॉर्नरला तो आपल्या गोलपाशी परत येतो का ते आधी बघा.

कॉर्नरच्या जागा त्यांनी ठरवल्या आहेत, शंकू आणले आहेत, नॉर्डिकवरून कुरकुर चालू आहे. पण येत्या रविवारी सामना सातला, म्हणजे पोहे साडेचारला. ते कोणाच्या घरी करायचे यावर दोन बैठका झाल्या, आणि माझ्या बहिणीने गॅसची चावी स्वतःकडे ठेवली आहे.