लस गोठली, हे कळणार कसं?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे गेला की लसींच्या काळजीने सगळे उन्हाकडे बघतात. पण उन्हाची चुगली करायला कुपीवरच व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारा शिक्का, असतो. वर्तुळातला चौकोन भोवतीच्या रंगाइतका गडद झाला, की कुपी बाद. गोठण्याची अशी खूण त्यावर उमटत नाही. हेपॅटायटिस बीची लस उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठते. तिच्यातल्या ॲल्युमिनियम क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात, वितळल्यावर कुपी वरवर धडधाकट दिसते आणि लसीचा जोर मात्र गेलेला असतो. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प) याच वर्गातल्या.

ही चोरी पकडतो तो ई-विनचा, म्हणजे लसींचा साठा आणि तापमान यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संगणकीय व्यवस्थेचा, टेंपरेचर लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र). २०१५ साली देशात सुरू झालेल्या या व्यवस्थेत आयएलआरमधला (लसी ठेवायच्या खास फ्रिजमधला) सेन्सर दर १० मिनिटांनी तापमान टिपतो आणि सिमकार्डावरून दर तासाला सर्व्हरला पाठवतो. तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की एसएमएस जातो. तो ज्या नंबरवर जातो, तो माणूस बदली होऊन गेला असेल तर यंत्रणा बिनबोभाट निकामी ठरते!

सेन्सरची जागाही बघावी. वरून उघडणाऱ्या आयएलआरमध्ये गारवा तळाशी बसतो. सेन्सर झाकणाजवळ लोंबकळत असेल तर तो ६ अंश दाखवेल आणि तळातली पेंटा गोठत असेल. म्हणून गोठून बिघडणाऱ्या लसी टोपलीत वर, गोठण्याने न बिघडणाऱ्या बीसीजी (क्षयरोग) आणि एमआर (गोवर-रुबेला) खाली.

रामटेककडच्या गावात लसीकरण सत्राला निघालेल्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लसी न्यायच्या थंड पेटीत) तर बहुधा लॉगर नसतोच. तिथे कान कामाला येतो. डीप फ्रीझरमधून काढलेले ४ आइस पॅक बाहेर मांडायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मगच भरायचे. मेमध्ये हे लवकर होतं, डिसेंबरच्या सकाळी बराच वेळ लागतो. घड्याळ लावून काढणारा हिवाळ्यात हमखास फसतो.

लॉगरने शून्याखालचा आकडा दाखवला तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी रात्रभर मुद्दाम गोठवून वितळू द्यायची. ती आणि संशयित कुपी एका हातात धरून १०-१५ सेकंद हलवायच्या, सपाट जागी ठेवून ३० मिनिटांपर्यंत बघायचं. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा आधी बसला, तर ती वापरायची नाही.

ई-विनवरच्या साठ्याच्या नोंदीत घोळ होतो तो डोस आणि कुपी यांत. १० डोसांच्या १२ कुप्या म्हणजे १२० डोस. कुणी १२ भरलं की स्क्रीनवर टंचाई आणि आयएलआर मात्र भरलेला. एमआर, बीसीजीला तर डायल्युएंटही (लस कालवायचं द्रावण) वेगळं मोजावं लागतं. ४० कुप्या आणि डायल्युएंट ३०, तर साठा ३० कुप्यांचाच.